नवरा 2024 मध्ये वारला, अमेरिकेत आमचं जॉइंट रिटर्न ई-फाईल करताना सारखं रिजेक्ट होतंय. कागदावरच पाठवावं लागेल का?

नाही, मृत्यूच्या वर्षाचं जॉइंट रिटर्न ई-फाईल करता येतं, फक्त त्याच वर्षात तुम्ही पुनर्विवाह केलेला नसावा. बहुतेक वेळा गाडी अडते ती मागच्या वर्षीच्या एजीआयवर, म्हणजे समायोजित एकूण उत्पन्नावर; ई-फाईल करताना ओळख पटवायला हा आकडा विचारतात. 2023 चं रिटर्नही जॉइंट असेल तर त्या फॉर्म 1040 च्या (मुख्य रिटर्नच्या फॉर्मच्या) ओळ 11 वरचा आकडा दोघांच्याही रकान्यात पूर्ण लिहायचा. लोक निम्मा-निम्मा करतात आणि तिथेच फसतात. सॉफ्टवेअरमध्ये मृत्यूची तारीख भरलीय का आणि त्यांचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तस्संच आहे का, तेही बघा. त्यांच्या सहीच्या जागी ‘फायलिंग ॲज सर्व्हायव्हिंग स्पाउस’ (हयात जोडीदार म्हणून भरत आहे) असं येतं. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, 1040 च्या सूचनांत हे दिलेलं आहे. रिफंडसाठीचा फॉर्म 1310 जॉइंट रिटर्न भरणाऱ्या जोडीदाराला लागत नाही, कुणी सांगितलं तरी जोडू नका. मात्र कोर्टाने इस्टेटीसाठी, म्हणजे त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेसाठी, प्रतिनिधी नेमला असेल तर त्याचीही सही लागते. सगळं तपासूनही रिजेक्टच झालं, तर मग छापून, सही करून पोस्टाने पाठवा. रिजेक्शनची नोटीस सोबत जपून ठेवा.