भौतिकशास्त्र विगमनावर उभे आहे का?

मोजक्या निरीक्षणांवरून काढलेले भौतिकशास्त्राचे नियम स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या आक्षेपापुढे टिकतात कसे, असे आपण विचारले आहे. "आजवर असे घडले, म्हणून उद्याही घडेल" या विगमनाला तार्किक आधार नाही, हे ह्यूमने 1739 मध्ये दाखवले. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती (धूर तिथे अग्नी असतोच, हा अतूट संबंध) तिन्ही काळांत कोणी पाहिली, असे विचारून चार्वाकांनी अनुमानच नाकारले होते. माझ्या मते नियम सापडतात ते विगमनाने नव्हे, पण सापडलेल्या नियमावर आपण विसंबतो ते मात्र विगमनानेच.

आम्हा कोल्हापूरकरांना याचे उदाहरण घरचेच आहे. अंबाबाईच्या पश्चिमाभिमुख मंदिरात 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि सूर्य खाली जाईल तसे मूर्तीच्या चरणांवरून वर चढतात. "या तारखांना किरण येतात" हे विधान निव्वळ विगमन आहे, आणि शंभर वर्षांच्या नोंदी रचल्या तरी याच तारखा का, हे त्यांतून निघणार नाही. दोन्ही तारखा दक्षिणायनाच्या अखेरीपासून (21-22 डिसेंबर) सुमारे 41 दिवस अलीकडे-पलीकडे येतात, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) उणे 17 अंशांच्या आसपास असते आणि तो पश्चिमेच्या सुमारे 18 अंश दक्षिणेस, एकाच जागी मावळतो. हा उलगडा पृथ्वीच्या कललेल्या आसाच्या कल्पनेतून होतो, आणि तो आस गरुड मंडपात उभे राहून कोणाला दिसलेला नाही. ढग आले किंवा एखाद्या इमारतीचा मजला आड आला की किरण वाटेतच अडतात. "दर वर्षी येतात" हा नियम तिथेच मोडतो, पण आसाचा कल कोणी बदलत नाही, दोष ढगांना आणि इमारतीलाच दिला जातो.

सिद्धान्त कधीच एकटा परीक्षेला बसत नाही, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर द्युएमचे म्हणणे याच स्वरूपाचे आहे. युरेनसची चाल चुकली तेव्हा न्यूटनचा नियम न सोडता अज्ञात ग्रह कल्पिला गेला आणि 1846 मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतील शतकाला 43 विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) तफावतीसाठी तीच युक्ती केली, तेव्हा मात्र ग्रह सापडला नाही आणि 1915 मध्ये आइन्स्टाइनला नियमच बदलावा लागला.

विज्ञान अटकळी बांधते आणि त्या खोडून पाहते, त्याला विगमन लागतच नाही, असे तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने 1934 मध्ये मांडले. यातला पहिला भाग मला मान्य आहे. मात्र आजवर न खोडलेल्या सिद्धान्तावर उद्याचा पूल का बांधावा, याचे समाधानकारक उत्तर मला पॉपरमध्ये सापडत नाही.

निसर्ग एकसारखा वागतो हे गृहीतकही भौतिकशास्त्रज्ञ तपासतात, हे पुष्कळदा विसरले जाते. गॅबनमधील ओक्लो येथील खनिजात युरेनियम-235 नेहमीपेक्षा कमी असल्याचे 1972 मध्ये आढळले. तिथे सुमारे 2 अब्ज वर्षांपूर्वी आपोआप अणुविखंडन झाले होते. त्या खनिजातील समॅरियमच्या समस्थानिकांवरून, सूक्ष्म रचना स्थिरांक (विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता सांगणारी संख्या) तेव्हापासून जवळजवळ बदललेला नाही, असे काढता येते. ह्यूमला मात्र एवढ्याने उत्तर मिळत नाही, कारण हा हिशेब कालपर्यंतचाच आहे, आणि तो मांडतानाही बाकीचे बरेच नियम तेव्हा आजच्यासारखेच होते असे धरावे लागते.