सीटी विभागात नव्याने येणाऱ्या तंत्रज्ञास

सुरुवातीचे काही आठवडे कन्सोलपेक्षा (यंत्र चालवण्याच्या संगणकापेक्षा) टेबलाजवळ अधिक थांबावे, कारण प्रोटोकॉल, म्हणजे स्कॅनच्या ठरलेल्या पद्धती, यंत्रात साठवलेले असतात, रुग्णाची मांडणी मात्र आपल्यालाच करावी लागते. रुग्ण गॅन्ट्रीच्या (यंत्राच्या गोल कड्याच्या) मध्यबिंदूपेक्षा वर वा खाली राहिला, तर टोपोग्राममधील (स्कॅनआधीच्या प्राथमिक चित्रातील) त्याची प्रतिमा लहानमोठी दिसते आणि तीवरून क्ष-किरण नळीचा प्रवाह ठरवणारी स्वयंचलित यंत्रणा किरणांची चुकीची मात्रा देऊ शकते.

कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या व अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देण्यापूर्वी मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा अहवाल, पूर्वीची ॲलर्जी आणि मधुमेहाच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन आहे का, हे स्वतः विचारावे. कागदावर टिकमार्क आहे एवढ्यावर विसंबू नये. अँजिओग्राफीसाठी (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनसाठी) शक्यतो १८ गेज जाडीची सुई कोपराच्या शिरेत असावी, आणि कॉन्ट्रास्ट सोडणारा इंजेक्टर जोडण्याआधी सलाईन सोडून तेथे सूज येत नाही ना, हे पाहावे.

बेळगावात खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि सीमेपलीकडच्या चंदगडहूनही रुग्ण येतात. यंत्रातील ध्वनिमुद्रित हिंदी-इंग्रजी सूचनांवर माझा फारसा विश्वास नाही. ‘श्वास रोखा’ हे मराठीत आणि कन्नडमध्ये स्वतः सांगावे, आणि स्कॅनपूर्वी रुग्णाकडून एकदा करून घ्यावे. छातीच्या स्कॅनमधील बहुतेक धूसरपणा तेवढ्यानेच टळतो.