'इमर्शन स्कूल'साठी 'निमज्जन शाळा' की 'माध्यमाची शाळा'?

प्रश्न असा आहे: हवाई बेटांवरील भाषा-पुनरुज्जीवनाविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना 'हवाईयन इमर्शन स्कूल' (जेथे सारे शिक्षण हवाईयन भाषेतूनच होते अशी शाळा) याला मराठीत काय म्हणावे? 'निमज्जन शाळा' चालेल का, की सरळ 'हवाईयन माध्यमाची शाळा' म्हणावे? माझे मत निःशंकपणे दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. तो शब्द मराठीत रुळलेला आहे हे एक कारण झाले. परंतु त्याहून महत्त्वाची कारणे हवाईच्या इतिहासात आहेत.

'निमज्जन' हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने बिनचूक असला, तरी बुडी मारण्यापलीकडचा कोणताही अर्थ तो वाचकाच्या मनात उभा करीत नाही. शिवाय शिक्षणक्षेत्रात 'इमर्शन' ही संज्ञा रुजली ती कॅनडात. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. तेथे मुलांची स्वतःची भाषा घरी-दारी सुरक्षित होती आणि त्यांना शेजारच्यांची भाषा शिकायची होती. हवाईत मुलांना आपल्याच आजी-आजोबांची भाषा परत मिळवायची होती. हा फरक ज्या शब्दात हरवतो, तो शब्द अनुवादकाने जपून वापरावा.

आता 'माध्यम' या शब्दाकडे वळू. १८९३ मध्ये हवाईच्या राणी लिलिउओकालानी यांना पदच्युत करण्यात आले आणि पुढे स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाने १८९६ मध्ये असा कायदा केला की, सर्व सरकारी आणि खासगी शाळांत शिक्षणाचे 'माध्यम आणि आधार' इंग्रजीच असेल. त्या कायद्यातील मूळ शब्दयोजनाच अशी आहे. त्याआधी हवाईयन ही राज्यकारभाराची, न्यायालयांची, शाळांची आणि भरभराटीस आलेल्या वृत्तपत्रांची भाषा होती. १८३४ पासून १९४८ पर्यंत हवाईयन भाषेत शंभराहून अधिक नियतकालिके निघाली. कायद्याने घरात बोलण्यास बंदी घातली नव्हती, परंतु शाळेत हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या आणि आईवडिलांनीच मुलांशी ती बोलणे सोडले. माध्यम गेले आणि त्यामागोमाग भाषा गेली, हा क्रम लक्षात घेतला म्हणजे हवाईतील हिलो या शहरातील विद्यापीठाशी संबंधित कित्येक हवाईयन शिक्षणतज्ज्ञ 'इमर्शन'ऐवजी 'हवाईयन माध्यम' याच शब्दप्रयोगाचा आग्रह का धरतात, हे उलगडते. कायद्याने ज्या नावाने काढून घेतले, त्याच नावाने ते परत मागत आहेत.

मात्र 'माध्यम' या शब्दाची एक उणीव मान्य केली पाहिजे. आपल्याकडे 'माध्यम' म्हटले की पाठ्यपुस्तक आणि उत्तरपत्रिका डोळ्यांपुढे येतात. मैदानावर किंवा डबा खाताना मुले कोणत्या भाषेत बोलतात, याच्याशी त्या शब्दाला देणेघेणे नसते. हवाईयनमध्ये या शाळांना 'कुला काइआपुनि' म्हणतात. 'कुला' म्हणजे शाळा (हा शब्द इंग्रजीतूनच तिकडे गेलेला आहे) आणि 'काइआपुनि' म्हणजे सभोवतालचा परिसर. त्यातील 'पुनि'चा अर्थ वेढलेला असा होतो. म्हणजे तेथील कल्पना बुडण्याची नसून वेढले जाण्याची आहे, आणि ती शब्दशः खरी करण्यासाठी लोकांनी जे कष्ट घेतले त्यांना तोड नाही.

१९७८ मध्ये, म्हणजे हवाई अमेरिकेचे एक राज्य झाल्यानंतर, त्या राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन हवाईयनला इंग्रजीच्या जोडीने राजभाषेचा दर्जा मिळाला, परंतु १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सहज बोलणारी अठरा वर्षांखालील मुले पन्नासही उरली नव्हती. न्यूझीलंडमधील माओरींच्या 'कोहंगा रेओ'चा (माओरी भाषेतून चालणाऱ्या बालवाड्यांचा) कित्ता गिरवून १९८३ मध्ये 'आहा पूनाना लेओ' ही संस्था स्थापन झाली आणि १९८४ मध्ये कावाई बेटावरील केकाहा येथे तिची पहिली बालवाडी उघडली. केकाहा परिसरात नीहाऊ बेटावरून आलेली कुटुंबे राहतात आणि नीहाऊवर ही भाषा कधी खंडित झालीच नव्हती, त्यामुळे ही निवड अचूक होती. पालकांनी स्वतः भाषेच्या वर्गाला बसावे आणि शाळेसाठी श्रमही करावेत, अशी येथे अपेक्षा असते. १८९६ च्या कायद्याची अडचण १९८६ मध्ये दूर झाली आणि १९८७ मध्ये हिलोजवळच्या केआउकाहा आणि ओआहू बेटावरील वाइआउ या सरकारी शाळांत हवाईयनमधून वर्ग सुरू झाले. पुस्तके नव्हती. तेव्हा पालक आणि स्वयंसेवक इंग्रजी चित्रपुस्तकांचा अनुवाद करीत, हवाईयन मजकुराच्या पट्ट्या कापीत आणि छापील इंग्रजी ओळींवर त्या एकेक करून चिकटवीत. मुलाने पान उलटले की त्याच्या नजरेस फक्त हवाईयन पडावी, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. इंग्रजी हा विषय पुढे पाचवीपासून येतो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या, हिलोजवळच्या केआआऊ येथील नावाहीओकालानीओपुउ शाळेतून १९९९ मध्ये बारावीपर्यंत हवाईयनमधून शिकलेली पहिली तुकडी बाहेर पडली.

म्हणून माझी सूचना अशी: मजकुरात सर्वत्र 'हवाईयन माध्यमाची शाळा' म्हणावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'जेथे वर्गाबाहेरचा व्यवहारही हवाईयनमध्येच चालतो' एवढे एक वाक्य जोडावे. राज्याच्या शिक्षणखात्याच्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात 'इमर्शन' आहे. ते विशेषनाम असल्याने तसेच ठेवावे. 'पूनाना लेओ' हेही नाव तसेच ठेवून 'आवाजाचे घरटे' असा अर्थ एकदा द्यावा. आणि 'हवाई भाषा' असे मात्र लिहू नये, कारण मराठीत 'हवाई' म्हटले की आधी विमान आठवते. 'हवाईयन' लिहिल्याने घोटाळा टळतो.