सोलापूरहून जानेवारीत बायकोच्या वाढदिवसाला दोघांनीच डोंगरात जायचंय, महाबळेश्वर बरं का?

तुम्ही लिहिलंय की बायकोचा तिसावा वाढदिवस जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, स्वतःची गाडी आहे, बजेट बेताचं आहे, आणि महाबळेश्वरचं नाव काढलं की सगळे ‘नुसती गर्दी’ म्हणतात. तरी सांगते, महाबळेश्वरलाच जा. फक्त एकाऐवजी दोन रात्री राहा आणि खोली बाजारपेठेत न घेता वेण्णा तलावाच्या बाजूला घ्या.

हे अनुभवावरून सांगतेय. पहिल्यांदा आम्ही मुलांना घेऊन नाताळच्या सुट्टीत गेलो होतो. पाचगणी सोडल्यापासून गाड्यांची रांग, खोलीच्या भिंतीला ओल, भाडं दुप्पट. एका दिवसात आठ पॉइंट ‘केले’ आणि त्यातला एकही आज डोळ्यांसमोर येत नाही. नंतर ह्यांचा पन्नासावा आला, तोही जानेवारीतच. तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेला माणूस. मी ठरवलं, या वेळी दोघांनीच जायचं आणि ह्यांना कुठे पळवायचं नाही.

तारखेचं आधी बोलते. एक जानेवारीची गर्दी ओसरली की मधल्या वारी, म्हणजे सोमवार ते बुधवार, भाडी बरीच उतरतात. पण तुमची तारीख आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या तोंडावर येते. घरात यात्रेतल्या नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीचा मान असेल किंवा अक्षता सोहळ्याला, त्या यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाला, पाहुणे येणार असतील, तर आईवडिलांशी आत्ताच बोलून ठेवा. ऐन वेळी रुसवाफुगवी झाली तर वाढदिवस तिच्याच वाट्याला कडू होईल.

रस्ता पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा असा. सुमारे पावणेतीनशे किलोमीटर होतात, थांबत गेलात तर सात तास धरा. साताऱ्याहून वाईवरून न जाता मेढ्याच्या रस्त्याने केळघर घाट चढा. खाली कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, ते वेण्णा नदीचं. वर तलाव आहे तोही त्याच नावाचा, साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेला. माणदेशातली उघडी माळरानं मागे टाकून अचानक गर्द झाडीत शिरतो ना, तेव्हा बायकोच्या चेहऱ्याकडे बघा. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंश काढलेल्या माणसाला ती सावली वेगळीच लागते.

आता वेण्णा तलाव का आणि दोन रात्री का, ते सांगते. डिसेंबर-जानेवारीत तिथे काही पहाटे हिमकण पडतात. म्हणजे बर्फ पडत नाही, दव गोठतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीतली ऊब रात्रभर वर निघून जाते. थंड हवा जड, म्हणून ती उतारावरून खाली येते आणि तलावाच्या आणि जवळच्या लिंगमळ्याच्या सखल भागात साचते. गावात नुसती बोचरी थंडी असते तेव्हाही इथलं गवत पांढरं झालेलं असतं. ढग आले किंवा वारा सुटला की काही नाही. म्हणूनच दोन पहाटा हाताशी हव्यात. आमची पहिली पहाट ढगाळ गेली, दुसरी मिळाली.

सहा वाजता बाहेर पडलो तेव्हा गाडीच्या टपावर रांगोळी चाळून टाकावी तसा पांढरा थर होता. पुढे स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशी हे उकिडवे बसले. एकेका पानाच्या कातरलेल्या कडेवर दाणे बसलेले, अगदी साखरेएवढे. ह्यांनी बोट लावलं. दाणा विरघळला आणि बोटाच्या रेषेत पाणी उतरलं. मग दुसऱ्या पानाला लावलं, मग तिसऱ्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. आपलीच सोलापुरी चादर मी दोघांच्या खांद्यावरून घेतली होती, तिच्यातून नुसता ह्यांचा हात बाहेर. सात-सव्वासातला ऊन आलं आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. शेतकऱ्याने मात्र सांगितलं, तुम्हाला हे छान वाटतं, आमची पानं करपतात. म्हणून वाफ्यात पाय टाकू नका, कडेलाच उभे राहा.

बाकी दिवसात फार कोंबू नका. क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरात, पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं, तिथे जा. शेजारच्या कृष्णाबाईच्या देवळात माणसं कमी आणि काळ्या दगडाला गारवा. आपली भीमा पुढे कर्नाटकात जिला मिळते, ती कृष्णा इथून निघते, हे बायकोला तिथेच उभं राहून सांगा. संध्याकाळी एखादाच पॉइंट पुरे. प्रतापगड करायचा असेल तर त्यालाच अर्धा दिवस द्या.

खाण्यावर खर्च वाचवायचा तर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही घरून न्या. वाटेतलं एक जेवण सहज निघतं. केक मी नेला नव्हता, साताऱ्यात कंदी पेढे घेतले होते. स्ट्रॉबेरी बाजारातून न घेता शेतावरून घ्या, पण परतीच्या दिवशीच, कारण ती दोन दिवसांत मऊ पडते.

कानटोपी आणि पायमोजे दोघांचेही न्या, आपल्या घरात ते सहसा सापडत नाहीत. आणि आदल्या रात्रीच खोलीवाल्याला सांगून ठेवा की पहाटे सहाला फाटक उघडं हवं. आमचं बंद होतं, राखणदाराला उठवण्यात वीस मिनिटं गेली, आणि त्या वेळी वीस मिनिटं फार असतात.