तारे फुगलेले येतायत म्हणून लेन्स लगेच सर्व्हिसला देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझी तीन वर्षांपूर्वीची रात्र आठवली. आकाशगंगेचे फोटो काढायला मांडूच्या बाहेर रात्रभर थांबलात, पहिले दोन-तीन फोटो एकदम टकाटक, आणि पुढच्या सगळ्यात तारे भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले. आता दुकानदार म्हणतो लेन्स गेली, सर्व्हिस सेंटरला टाका. प्लीज थांबा जरा.

ट्रायपॉड, रॉ, अमावस्या हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं दिसतंय, त्यात जात नाही. आधी एक सांगा, तारे पूर्ण फ्रेमभर सारखेच फुगलेत ना? मग तो फोकस आहे. एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला पसरलेले असते तर लेन्सवर संशय घेतला असता. आणि सगळे एकाच दिशेला लांबट असते तर एक्स्पोजरचा वेळ जास्त झाला किंवा ट्रायपॉड हलला. तुम्ही टाकलेल्या फोटोत मला तरी पहिलाच प्रकार दिसतोय.

माझं काय झालं ते सांगतो. चैत्र अमावस्या, महूजवळच्या घाटावरचं जाम गेट. ती जागा मला मांडूपेक्षा जास्त आवडते, कारण महू आणि इंदूरचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहतो आणि समोर दक्षिणेला निमाड खाली पसरलेला. आपल्याकडून आकाशगंगेचा मधला भाग, म्हणजे मूळ नक्षत्राच्या शेजारचा, दक्षिणेला जास्तीत जास्त ३८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे दक्षिण मोकळी आणि काळी हवीच. संध्याकाळी दरीचे फोटो काढले, रात्री दीडच्या सुमारास अभिजित ताऱ्यावर स्क्रीन मोठी करून फोकस केला, तारा अगदी सुईच्या टोकाएवढा. दोन-तीन फ्रेम काढल्या, छान. मग मेहुण्याने थर्मासमधला चहा काढला. तेवढ्यात कॅमेरा झोपला, मी बटण अर्धं दाबून उठवला आणि पहाटे चारपर्यंत ११० फ्रेम काढल्या. छोट्या स्क्रीनवर सगळं शार्प वाटत होतं. घरी लॅपटॉपवर उघडलं तर पहिल्या तीन सोडून एकही कामाची नाही.

कारण एवढंच की या छोट्या मिररलेस लेन्समध्ये बहुतेक वेळा फोकसची रिंग काचेला जोडलेली नसतेच, रिंग फिरवली की आतली मोटर काच हलवते. कॅमेरा बंद झाला किंवा पॉवर सेव्हमध्ये गेला की माझ्या लेन्सची काच मूळ जागी जाते, आणि उठल्यावर तिथूनच सुरू. म्हणून रिंगवर टेप चिकटवायचा सल्ला सगळीकडे देतात ना, तो जुन्या मेकॅनिकल लेन्ससाठी, अशा लेन्सवर टेपने काच जागेवर राहत नाही. सगळ्या लेन्स अशाच वागतात असं नाही हं, काही जागा लक्षात ठेवतात, तुमची घरीच तपासून बघा: लांबच्या दिव्यावर फोकस करा, कॅमेरा झोपू द्या, उठवून परत झूम करून पाहा.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. पण मी लेन्स सर्व्हिस सेंटरला दिली, आणि खरं नुकसान तिथे झालं. फोटो कसा काढला, कॅमेरा मध्ये बंद झाला होता का, एक शब्द विचारला नाही. पावतीवर फक्त 'फोकस प्रॉब्लेम'. सहा आठवडे ठेवली, दर फोनला 'पार्ट येतोय', शेवटी आतली काच हलली होती म्हणून ४,८०० रुपये घेतले आणि काय बदललं ते लिहून द्यायला साफ नकार. तोवर जून उजाडला, मग चार महिने ढग, आणि ऑक्टोबरात आकाशगंगेचा तो मधला भाग अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला थोडाच वेळ दिसतो. पैशांचं जाऊ द्या, माझा अख्खा सीझन गेला. अजून राग येतो. द्यायचीच वेळ आली तर आधी दिवसा ट्रायपॉडवरून एखाद्या सपाट भिंतीचे सरळ समोरून फोटो काढा, चारही कोपरे तपासा, ते फोटो सोबत द्या आणि रिपोर्ट लेखी मागा.

आता मी काय करतो: पॉवर सेव्ह तीस मिनिटांवर, ऑटोफोकस पूर्ण बंद, बॅटरी बदलली की फोकस नव्याने, आणि दर दहा फ्रेमनंतर एक फ्रेम पूर्ण मोठी करून बघणे. बॅटरी यात भराभर संपते, तीन तरी ठेवा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही बंद ठेवतो. ५०० चा नियम, म्हणजे ५०० ला लेन्सच्या एमएमने भागायचं आणि येतील तेवढ्याच सेकंदांचा फोटो काढायचा म्हणजे तारे लांबट होत नाहीत, १६ एमएमला क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरवर (तिथे १६ चे दीडपट, २४ धरतात) २१ सेकंद देतो, मला ते जास्त वाटतं, मी १३ वर थांबतो आणि आयएसओ ३२०० ठेवतो. हे माझं मत, कोणी २० सेकंदांवर खूश असेल तर असू दे.

मांडूला परत जाणार असाल तर रूपमती मंडपाच्या भरवशावर राहू नका, स्मारकं रात्री बंद असतात, बाहेरची जागा दिवसाच बघून ठेवा. आणि जाम गेटला आलात तर रस्त्यापासून थोडं आत उभे राहा, घाटातल्या ट्रकचे हेडलाइट फ्रेम खातात. घरची ती दिव्याची टेस्ट करून काय आलं ते इथेच लिहा, लेन्सचं मॉडेलही सांगा, मी बघतो.