नागपूरच्या घरातून व्हीएचएफ कॉन्टेस्टला बसून काही हाती लागतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: हॅम म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा पास झालात, व्हीयू३चा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची तुमची ओळख, मिळाला, हातात पाच वॉटचा हँडी (हातात धरायचा रेडिओ) आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहता आणि गच्ची सोसायटीची आहे. नागपुरात टू मीटरवर, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ पट्ट्यावर, मोजकेच लोक ऐकू येतात, मग कॉन्टेस्टला, म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायच्या स्पर्धेला, घरून बसण्यात अर्थ आहे का?

आहे. फक्त मुंबई-पुण्यातल्या किंवा परदेशातल्या व्हिडिओंवरून मनात जे चित्र तयार होतं ते बाजूला ठेवा. तिकडे स्टेशनं भरपूर असतात, बसलं की कुणीतरी भेटतंच. आपल्याकडे कोणत्या दिशेला कोण आहे हे आधीपासून माहीत असावं लागतं आणि ते सगळे त्या दिवशी रेडिओवर यावेत यासाठी पंधरा दिवस आधी खटपट करावी लागते. विदर्भातला व्हीएचएफ कॉन्टेस्ट निम्मा त्या खटपटीतच होतो, असं माझं अनेक वर्षांचं मत आहे.

मी प्रतापनगरच्या दोन मजली घरावरून हे करतो. पहिल्या वेळी गच्चीवर उभा अँटेना होता, पंचवीस वॉटचा एफएम रेडिओ होता. चार तासांत सात क्यूएसओ (संपर्क) झाले, सातही नागपुरातले, म्हणजे सगळे एकाच चौकोनातले. गुणांच्या हिशेबात ते जवळजवळ शून्यच.

हा चौकोन नीट समजून घ्या, कारण सगळा हिशेब त्यावरच चालतो. पृथ्वीच्या नकाशाचे दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश असे चौकोन पाडलेले आहेत, त्यांनाच ग्रिड म्हणतात. नागपूर एमएल९१ मध्ये येतं. आपल्या अक्षांशावर हा चौकोन पूर्व-पश्चिम साधारण २०७ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर १११ किलोमीटर भरतो. रामटेक आणि भंडारा याच चौकोनात आहेत, म्हणून तिथलं स्टेशन मिळालं तरी नवा ग्रिड मिळत नाही. पण उमरेडला गेलात की एमएल९० लागला. वर्धा आणि यवतमाळही त्यातच. अमरावती एमएल८०, चिखलदरा एमएल८१, छिंदवाडा एमएल९२, गोंदिया एनएल०१, चंद्रपूर एमके९९. आणि गडचिरोलीकडे तर फार सुंदर गोष्ट आहे: २० अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व या रेषा त्याच जिल्ह्यात एकमेकींना छेदतात, त्यामुळे एमएल, एनएल, एमके आणि एनके ही चारही मोठी क्षेत्रं तिथे एका बिंदूत भेटतात. कुणी गाडीत रेडिओ टाकून तिकडे गेलं, तर काही किलोमीटरच्या फेरीत चार ग्रिड देऊ शकेल. हे अजून आमच्यापैकी कुणी केलेलं नाही, आणि माझी ती फार दिवसांची इच्छा आहे.

गुण मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. अमेरिकेतल्या जानेवारी, जून आणि सप्टेंबरच्या व्हीएचएफ कॉन्टेस्टमध्ये संपर्काचे गुण गुणिले वेगवेगळे ग्रिड असा हिशेब असतो. युरोपात एका किलोमीटरला एक गुण. आपल्याकडे मित्रमंडळी जे छोटे कॉन्टेस्ट ठरवतात, ते यातलीच एखादी पद्धत घेतात, तेव्हा नियम आधी वाचा. अमेरिकेच्या कॉन्टेस्टमध्ये बाहेरच्या देशांना फक्त अमेरिका आणि कॅनडाच्या स्टेशनांशी झालेल्या संपर्काचेच गुण मिळतात, म्हणून चंद्रावरून लहर परतवण्याइतकी तयारी असल्याशिवाय तो नाद नको.

आता अंतराचं. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणलं की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. बारा मीटरवर ते चौदा किलोमीटर येतं. समोरच्याचंही तेवढंच धरलं तर अठ्ठावीस. उंची दुप्पट, म्हणजे चोवीस मीटर केली तरी चौदाचे वीसच होतात. त्यामुळे टॉवरची स्वप्नं पाहत बसू नका. शेजारच्या इमारतीच्या टाकीच्या वर अँटेना निघाला की पुष्कळ झालं.

मग हवाई अंतराने १४० किलोमीटरवरची अमरावती कशी मिळते? एसएसबीमुळे, म्हणजे बोलणं अरुंद पट्टीत पाठवायच्या पद्धतीमुळे. एफएमचा सिग्नल एका मर्यादेखाली गेला की एकदम खरखरीत बुडतो. एसएसबीची पट्टी अडीच-पावणेतीन किलोहर्ट्झचीच, त्यात खरखरही तितकीच कमी येते, म्हणून अगदी पुसट बोलणंही कानाला लागतं. वातावरणातल्या उंचसखल थरांवरून लहर थोडी थोडी विखुरत क्षितिजापलीकडे जात असते, ती पुसट असतेच, पण असते. एक गोष्ट मात्र बहुतेक नवे लोक चुकतात: एसएसबीवर टू मीटरचे अँटेना आडवे असतात, एफएमवर उभे. एकाचा उभा आणि दुसऱ्याचा आडवा असेल तर वीस डीबीपर्यंत सिग्नल कमी होतो, म्हणजे शंभरातला एकच भाग उरतो.

मी पाच एलेमेंटचा, म्हणजे पाच नळ्यांचा, यागी स्वतः केला; हा एकाच दिशेला जोर लावणारा अँटेना. अॅल्युमिनियमच्या नळ्या इतवारीतल्या लोहा ओळीत मिळाल्या, बूम, म्हणजे नळ्या बसवायचा दांडा, सागवानाच्या पट्टीचा. सगळ्यात लांब नळी मीटरभर, बूम दोन मीटरच्या आतला. जुन्या दूरदर्शनच्या दिवसांत प्रत्येक घरावर जो अँटेना होता, त्याच कुळातला हा. सोसायटीच्या सेक्रेटरींना समजावताना मी हेच सांगतो, त्यांना लगेच डोळ्यासमोर येतं. कित्येक गच्च्यांवर ते जुने पाइप अजून उभे आहेत, मजबूत असेल तर तोच वापरा.

केबलवर मात्र कंजूषपणा नको. आरजी-५८ची तीस मीटर केबल १४४ मेगाहर्ट्झला सुमारे सहा डीबी खाते, दहा वॉट घातले तर वर अडीच पोचतात. तितक्याच लांबीच्या आरजी-२१३ला तीन डीबीच्या आत भागतं. आणि पावसाळ्यानंतर एकदा कनेक्टर उघडून पाहाच. एका दिवाळीनंतर माझा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) छान १.२ दाखवत होता आणि वर्ध्याचे काका, जे रोज मिळायचे, त्यांना मी ऐकूच जाईना. दोन आठवडे मी रेडिओला दोष दिला. शेवटी वरचा कनेक्टर उघडला तर केबलच्या तारांची वेणी काळी पडलेली, आत पाणी शिरलेलं. भिजलेली केबल जाताना पॉवर खाते आणि परत येतानाही खाते, त्यामुळे मीटरपर्यंत परतलेली पॉवर पोचतच नाही आणि एसडब्ल्यूआर उलट चांगला दिसतो. तेव्हापासून मी मीटर गच्चीवर नेऊन अँटेनाच्या तोंडाशी पॉवर मोजतो.

ज्या सकाळसाठी मी हे सगळं लिहितो आहे, ती डिसेंबरातली होती. सहा ते बारा असा कॉन्टेस्ट आम्ही ठरवला होता. आमच्यातले एक दादा आदल्या रात्रीच चिखलदऱ्याला गेले होते, बांबूवर यागी, गाडीच्या बॅटरीवर रेडिओ. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर, माझ्यापासून सरळ रेषेत १८५ किलोमीटर, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे. वारंवारता आणि वेळा आधीच ठरलेल्या होत्या. सव्वासहाला मी हाक दिली, काही नाही. पुन्हा दिली, काही नाही. अशा वेळी हात फोनकडे जातो. पण कॉन्टेस्ट सुरू असताना फोन करून संपर्क जुळवणं म्हणजे तो संपर्क रेडिओने झालाच नाही, म्हणून मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. सहा चाळीसला खरखरीच्या तळाशी माझ्या कॉलसाइनची शेवटची दोन अक्षरं ऐकू आली. यागी दोन-चार अंश फिरवला, आणि ‘एम एल एट वन’ स्पष्ट आलं. रिपोर्ट दिला पाच-एक, म्हणजे बोलणं स्पष्ट पण सिग्नल अगदी पुसट. साडेसातला त्यांचाच आवाज पाच-नऊने खोलीत भरला होता, जणू धरमपेठेतून बोलताहेत. साडेनऊला पुन्हा पुसट, दहाला गायब.

हे हिवाळ्यातल्या निरभ्र रात्रींमुळे होतं. जमीन रात्रभर थंड होते, तिला लागलेली हवा गार आणि दमट, वर मात्र कोरडी आणि उबदार. एरवीच्या उलट थर लागतात, आणि व्हीएचएफची लहर त्या थरात खाली वाकून दूरवर जाते. ऊन चढलं की थर मोडतो. समुद्रावर हेच थर फार मोठे लागतात: १९५७ साली कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्यात १४४ मेगाहर्ट्झवर सुमारे चार हजार किलोमीटरचा संपर्क असाच झाला. आपल्याला सागर नाही, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीची पहाट आहे. नऊला आरामात उठून बसणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

मे महिन्यात मात्र अपेक्षा आवरून बसा. थर लागत नाहीत, आणि घरातला आवाजच इतका असतो की लांबचं काही ऐकू येत नाही. कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्तातले एलईडी दिवे टू मीटरवर सतत भुणभुण करतात. रेडिओ बॅटरीवर लावा, घराचा मेन स्विच बंद करा आणि ऐका. आवाज गेला तर दोषी घरात आहे, मग एकेक एमसीबी चालू करत शोधा. माझ्याकडे देवघरातला एक दिवा निघाला. अवकाळीचे ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवायची, इथे मात्र कसलीही तडजोड नको. अँटेना चढवताना विजेच्या तारा जवळ असतील तर ती जागाच सोडा.

तुमच्यापुरतं सांगतो. हँडी टाकून देऊ नका. एफएमचा कॉन्टेस्ट असेल तर याच यागीच्या नळ्या उभ्या करून लावा, तुमचे पाच वॉट डायपोलच्या, म्हणजे एकाच नळीच्या साध्या अँटेनाच्या, मानाने त्या दिशेला पंचवीस वॉटांसारखे जातील. एक अडचण येईल: स्वस्त हँडी मोठ्या अँटेनाला जोडला की शहरातल्या जोरदार प्रक्षेपणाने तो बधिर होतो, सेमिनरी हिल्सच्या टॉवरच्या आसपास राहणाऱ्यांना हे फार जाणवतं. यागीची पाठ टॉवरकडे करून पाहा, बराच फरक पडतो. पुढे जमेल तेव्हा वापरलेला ऑलमोड (एफएम आणि एसएसबी दोन्ही चालणारा) रेडिओ घ्या. नवा घेण्याच्या निम्म्या पैशात केबल, अँटेना आणि तो, तिन्ही होतात.

बाल्कनी दक्षिणेला किंवा पूर्वेला उघडत असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा सुखी आहात. वर्धा, उमरेड, गोंदियाकडे मैदान आहे. उत्तरेला सातपुड्याची कड आडवी येते, तिकडे वेळ कमी घाला.

लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, पहिल्या दिवसापासून यूटीसीत (जागतिक वेळेत) लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. सकाळचे सहा म्हणजे ००:३०. कॉलसाइन किंवा ग्रिड नीट ऐकू आला नसेल तर पुन्हा विचारा, अंदाजाने भरू नका. लॉग एकमेकांशी ताडून पाहतात, आणि तुमच्या एका चुकीच्या अक्षरामुळे दोन तास हाका मारणाऱ्या समोरच्याचाही संपर्क बाद होऊ शकतो. सहाच क्यूएसओ झाले तरी लॉग पाठवा, तुमच्या लॉगमुळे बाकीच्यांचे सहा संपर्क पक्के होतात.

आणि पंधरा दिवस आधी फोन सुरू करा. अमरावतीच्या ज्या काकूंनी दहा वर्षांपूर्वी लायसन्स घेऊन रेडिओ कपाटात ठेवला, त्यांना मी गेल्या वर्षी तीनदा फोन केला. चौथ्यांदा त्यांनीच केला, अँटेना कुठल्या दिशेला ठेवू म्हणून. मी म्हटलं, पूर्वेला. तुमचा यागी चढला की मलाही कळवा, मी माझा तुमच्या बाजूला वळवून बसेन, आधी दोघांच्या केबली तपासून घेऊ.