बिग बॉय, कौलं आणि रविवारची मुदत

ताई, वय ५८, राहणार फोंड्याजवळ. माळ्यावरच्या खोलीत ४ बाय ६ फुटांच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचे, १८ इंच त्रिज्येच्या वळणांचे एचओ मापाचे रूळ टाकलेत, कंट्रोलर साधा डीसी. मुंबईच्या एका दुकानदाराकडे ‘बिग बॉय’ या अमेरिकी वाफेच्या इंजिनाचं मॉडेल ६०,००० चं ३६,००० ला आहे. शेवटचा नग, काचेच्या कपाटात मांडलेला, मुदत रविवारपर्यंत. बायकोचं म्हणणं, ते पैसे पावसाआधी कौलं चाळायला ठेवा. लहानपणी कुळ्याच्या स्टेशनवर वाफेची इंजिनं बघतच वाढलो. घेऊ का?
– एक वाचक

भाऊ,

विचारलंय ‘घेऊ का’, पण पत्राचा सूर ‘घे म्हणा’ असा आहे. मी तसं म्हणणार नाही. आणि त्याला कारण वहिनी नाहीत, तुमचा प्लाय आहे.

खरा बिग बॉय मागचा कोळसा-पाण्याचा टेंडर धरून १३२ फूट ९ इंच लांब. एचओ म्हणजे १:८७, भागून बघा, साधारण ४६.५ सेंमी येतात. तुमच्या वळणाची त्रिज्या १८ इंच, म्हणजे ४५.७ सेंमी. टेंडरसकट इंजिन त्रिज्येहून लांब! इंजिनाखालच्या मोठ्या चाकांचे दोन्ही गट डावी-उजवीकडे वळणारी मॉडेलं अशा वळणावरून कशीबशी जातातही, पण बॉयलरचं नाक रुळाच्या बाहेर लोंबतं आणि बोगद्याचं तोंड, सिग्नल, शेजारच्या रुळावरचे डबे, जे आड येईल त्याला धडकतं. वळण २२ इंचांचं केलंत तर रुंदीतले ४४ इंच रुळातच गेले. प्लाय ४८ इंच रुंद. रुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत २ इंच उरले, आणि एकदा घसरलं की इंजिन थेट जमिनीवर.

पटत नसेल तर टेंडर सोडून नुसत्या इंजिनाएवढी, पुठ्ठ्याची ३० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद पट्टी कापा. चाकांच्या दोन गटांचे मध्य जिथे येतील तिथे दोन टाचण्या टोचा. दोन्ही टाचण्या रुळाच्या मधोमध ठेवत पट्टी वळणावरून सरकवा आणि पुढच्या टोकाला पेन्सिल धरा. प्लायवर उमटलेली रेघ दुकानदारापेक्षा खरं बोलेल.

आता सवलतीकडे. शेवटच्या नगावर एवढी सूट असते तेव्हा तो आवाज नसलेला, डीकोडर (डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या आज्ञा वाचणारं सर्किट) नसलेला असू शकतो. खोक्यावर ‘डीसीसी रेडी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ आत फक्त सॉकेट आहे. डीकोडर आणि स्पीकरचे पैसे वेगळे. आवाजवाला निघाला तरी डीसीवर पहिले काही व्होल्ट डीकोडरच खातो. नॉब बराच फिरवेपर्यंत इंजिन जागचं हलत नाही, आणि माणसाला वाटतं बिघडलंय. जर्मन तीन-रुळी एसी मॉडेल असेल तर प्रश्नच मिटला. त्याची दोन्ही बाजूंची चाकं विजेने जोडलेली असतात, तुमच्या दोन रुळांवर ठेवताक्षणी शॉर्ट. दुकानदार अमेरिकेतला पॉवर पॅक फुकट देतो म्हणाला तर तो १२० व्होल्टचा आहे का ते बघा. आपल्या २३० वर थेट लावलात तर धूर इंजिनातून नाही, पेटीतून निघेल.

कपाटात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाचं दुखणं वेगळं. ग्रीस वाळून मेणासारखं होतं. पकडीसाठी चाकांवर चढवलेले रबरी पट्टे कडक होतात, मग चाकं फिरतात पण डबे हलत नाहीत. अक्षावरचा प्लॅस्टिकचा गिअर उभा चिरतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी ‘टक’ ऐकू आलं तर बहुधा तोच. तो बदलता येतो, सुटा भाग मिळाला तर! जस्ताचं ओतकाम फुगून तडकलेलं असेल तर मात्र त्याला औषध नाही, हात जोडून परत यावं.

म्हणून दुकानदाराकडे व्हिडिओ मागा. अगदी सावकाश गतीत १० मिनिटं पुढे, १० मिनिटं मागे, कॅमेरा बाजूने, चाकं जोडणाऱ्या दांड्यांच्या उंचीवर. डावीकडच्या दांड्या उजवीकडच्यांच्या पाव फेरा पुढे किंवा मागे हव्यात. हे गणित चुकलं की इंजिन लंगडतं, दर फेऱ्याला अडखळतं. चाकांचे दोन्ही गट डावी-उजवीकडे वळतात ना, तेही बघा. तो ‘इतका वेळ कुठे आहे’ म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आणि वहिनींचं म्हणणं. तुमचा प्लाय त्याच कौलांखाली आहे, भाऊ. एक कौल सरकलं, पाणी प्लायमध्ये मुरलं की थर सुटून तो फुगतो, रुळांचे सांधे उचलले जातात, आणि मग कुठलंच इंजिन नीट धावत नाही. रूळ पोलादी असतील तर आपल्या दमट हवेत आधीच गंजत असणार. निकेल सिल्व्हरचे असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसणं पुरतं. सांगायचं एवढंच की कौलांचा खर्च हा तुमच्या छंदावरचाच खर्च आहे. वहिनींना हे अजून सांगितलं नसेल तर आज सांगा, त्यांना मजा वाटेल.

राहिलं कुळे. बिग बॉय १९४१ ते १९४४ मध्ये फक्त २५ बांधले, तेही वायोमिंग आणि युटाच्या डोंगरांतून मालगाड्या ओढायला. तुम्ही दूधसागर घाटाच्या पायथ्याशी, कुळ्याला जे पाहिलंत ते मीटर गेज. भारतीय रेल्वेचं मीटर गेजवरचं मालगाडीचं इंजिन म्हणजे वायजी. त्याची चाकांची रचना दोन-आठ-दोन (पुढे दोन, मध्ये आठ मोठी, मागे दोन), त्या रचनेलाच ‘मिकाडो’ म्हणतात. एचओमध्ये मध्यम आकाराची मिकाडो मिळतात आणि त्यांतली बरीचशी १८ इंचांच्या वळणावर चालतात. खोक्यावर किमान त्रिज्या लिहिलेली असते, तेवढी वाचून घ्या. रूप तंतोतंत वायजीचं नसेल, पण तुमच्या आठवणीला बिग बॉयपेक्षा ते कितीतरी जवळचं.

रविवार जाऊ दे. कौलं चाळून झाली, पहिला पाऊस पडून माळा कोरडा राहिला की चवथीच्या आसपास मिकाडो शोधायला लागा. आणि ती पेन्सिलची रेघ पुसू नका, मिकाडोसाठीही मोजमाप लागेल.